हुकूम उठायच्या आधी

त्या साली आमच्या गावात आधी उंदीर मेले आणि मग माणसं. धान चुरून, मळणी आटोपून कोठ्या भरल्या होत्या, पूस महिना लागला होता. गाठीचा रोग गोंदियाला आला, असं बाजारातून ऐकू आलं होतं, पण गोंदिया रेल्वेचं गाव, तिथं काय वाटेल ते येतं असं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग आमच्याच आळीत एका घरी मयत झाली, दुसऱ्या घरी झाली, आणि तहसिलीतून हुकूम आला.

दवंडीवाल्यानं तो चावडीपुढे सांगितला. सारं गाव रिकामं करायचं. घरांवरचे कवेलू उतरवायचे, म्हणजे आत ऊन जाईल. नाल्यापलीकडच्या आंबराईत झोपड्या घालून राहायचं. पुन्हा गावाच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. बाहेरगावी जायचं तर पास घ्यायचा. बाजार बंद, लग्नं बंद. ताप आला तर लगेच कळवायचं, लपवणाऱ्याला कैद. शेवटी तो म्हणाला, हा हुकूम तात्पुरता आहे. तो शब्द आम्हाला नवा होता. माझ्या सासूनं विचारलं, "म्हणजे कितीक दिवस?" त्यानं पुन्हा तोच शब्द सांगितला.

तेव्हा मी विशीतली होते. एक मुलगी होती, नुकती चालायला लागलेली. घरात सासू, थोरले दीर, जाऊ आणि आम्ही दोघं. आमची शेती तलावाखाली. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. गावचा तलावही माझ्या नवऱ्याच्या पणज्यानं बांधलेला. मातीची पाळ, एका टोकाला पाणी सोडायचं तुडुम, आणि खाली साऱ्या गावाची धानाची शेती.

आंबराईत गेल्यावर थोड्याच दिवसांत जावेला ताप भरला. सासूनं तो लपवला. आजारी माणसाला नाल्याच्या वळणावरच्या वेगळ्या झोपडीत नेत आणि तिथून कुणी उठून आलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. "तिथं नेली का मेली," सासू म्हणाली, आणि जावेला गोधड्यांखाली झाकून ठेवलं. दीर तिच्या उशाशी बसून राहिले. जाऊ गेली, आणि ती जायच्या आधीच दिरांच्या काखेत गाठ आली होती. ते त्या वळणावरच्या झोपडीत गेले. सासूला त्यांचं तोंडही पाहू दिलं नाही.

एवढं मात्र सांगितलं पाहिजे की हुकुमानं रोग थांबला. होळीनंतर आंबराईत एकही माणूस आजारी पडलं नाही. चैत्र गेला, वैशाख अर्धा गेला, हुकूम मात्र होता तिथंच राहिला. नाल्याच्या उतारावर एक शिपाई बसवला होता, बाहेरचा, हिंदी बोलणारा. पहिल्या महिन्यात तो आमच्याइतकाच भ्यालेला असे. पुढं भीती गेली आणि त्याला त्या जागेची चव लागली. पास पाहिजे तर कोंबडी आणा. सरपणाला जायचं तर आधी त्याचं सरपण आणा. दुपारी मोहाच्या झाडाखाली खाट टाकून तो झोपे. बायांना पाण्याला जायलाही त्याला विचारावं लागे, आणि तो हसत हसत उशीर लावी.

आम्ही गावाकडे पाहत बसायचो. छपरं उघडी पडलेली, भिंती उन्हात तापलेल्या. पावसाला महिनाही राहिला नव्हता. पण आमच्या घरात बोलणं व्हायचं ते छपराचं नव्हे, पाळीचं. तुडुमाजवळ पाळीला भोक पडलं होतं. आदल्या सालीच ते दिसलं होतं. दर उन्हाळ्यात सारं गाव मिळून माती घालतं, तशी त्या साली घालता आली नव्हती. भरल्या तलावाचं पाणी एकदा त्या भोकाला लागलं की पाळ जाणार, आणि पाळ गेली की साऱ्यांचं धान जाणार.

गावचे मुकद्दम, म्हणजे आमचे पाटील, तहसिलीत जाऊन आले. उत्तर मिळालं: हुकूम उठेपर्यंत थांबा. हुकूम कधी उठेल? डॉक्टर तपासून सांगतील तेव्हा. डॉक्टर कधी येतील? ते कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मुकद्दम आमच्या झोपडीशी आले. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तू तुडुमाजवळ माती दाबून ये. भर दुपारी जा, शिपाई झोपते तवा. काही झालं तर मी पाहून घेईन."

दुसऱ्या दुपारी तो गेला. उन्हात आंबराई चिडीचूप होती. मी मुलीला मांडीवर घेऊन नाल्याकडे पाठ करून बसले, कारण तिकडे पाहिलं तर माझ्या तोंडावरून कुणालाही कळलं असतं. तो परत आला तेव्हा चिखलानं माखलेला होता आणि एक पाय टेकवत नव्हता. मातीत रोवलेल्या जुन्या बांबूच्या खुंटावर पाय पडला होता.

"फावडं कुठून आणलंस?" सासूनं विचारलं.

"घरातून."

"घरात गेला होतास?"

त्यानं पाय माझ्यापुढं केला. मी पाय धुतला, हळद भरली, चिंधी बांधली.

दोनतीन दिवसांनी त्याला ताप आला. पाय सुजून लाल झाला होता, म्हणून मला नवल वाटलं नाही. पण सकाळी तो उठून बसेना. त्यानं माझा हात धरून स्वतःच्या जांघेवर ठेवला. तिथं सुपारीएवढी गाठ होती.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं. ते अवधाणच असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण तो त्या घरात जाऊन आला होता. उंदीर मेलेल्या घरात. दिरांच्या काखेत गाठ आली तेव्हा ती अशीच होती का? मला आठवेना. मी मुलीला उचललं आणि बाहेर नेऊन झाडाखाली बसवलं. ती रडायला लागली, तरी तिला आत येऊ दिलं नाही.

त्याच सकाळी मुकद्दम झोपडी झोपडी सांगत आले, "उद्या डॉक्टर येऊन राहिला. कोणी बिमार नाई दिसलं तर हुकूम उठते. झाडून घ्या, पोराइले धुवा."

आमच्या दाराशी आले आणि आत पाहून थांबले.

"काय झालं?"

"ताप आहे," मी म्हटलं. "जांघेत अवधाण आलं आहे."

ते एक पाऊल मागं सरले. मग इकडेतिकडे पाहून सासूला बाजूला घेऊन गेले. सासू परत आली ती ठरवूनच. सालेकशाच्या बाजूला जंगलात तिच्या भावाचं घर होतं. गाडीत धानाची तणीस भरायची, खाली याला झोपवायचं, दुपारी शिपाई झोपला की गाडी नाल्याच्या खालच्या अंगानं काढायची. उद्या हुकूम उठला की याला परत आणायचं.

"आत्याबाई, गाठीचा रोग असला तर?" मी विचारलं.

"नाई आहे."

"असला तर? तुमच्या भावाच्या घरी सातआठ माणसं आहेत."

"मले एकच लेक उरला आहे," ती म्हणाली. "त्या झोपडीत मी त्याले जाऊ देणार नाई. आयकलंस?"

आतून तो म्हणाला, "जाऊ दे मले मामाकडं. माझ्या पायी लोकाइचं वाटोळं नोको."

मी दारात बसले. मला धीर होता म्हणून नव्हे. सासूपुढे उभं राहून बोलायची सवय नव्हती म्हणून बसले. पण बसल्यावर दार अडलं. मी म्हटलं, "जाऊबाईला झाकून ठेवलं, म्हणून भाऊजी गेले. मी याला झाकून नेऊ देत नाही."

हे मी सासूच्या तोंडावर बोलले. तोवर तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती खालीच बसली.

बातमी लपली नाही. ऊन चढेपर्यंत आमच्या झोपडीसमोर माणसं जमली, पण लांब, आंब्याच्या सावलीच्या कडेला. बायाही होत्या. शेजारच्या झोपडीतली बाई माझ्याबरोबर एकाच चुलीवर सारा उन्हाळा रांधत होती. माझ्या मुलीला तिनं स्वतःच्या लेकराबरोबर जेवू घातलं होतं. ती पुढं येऊन म्हणाली, "काऊन अडून बसलीस? तुझ्या एकटीच्या हट्टापायी आमी पावसात इथंच सडाचं का?"

"गाठ असेल तर तुझ्या लेकराला लागेल," मी म्हटलं.

"मंग तं आताच ने! जंगलात ने नाई तं कुठंई ने!"

"जंगलातही माणसंच राहतात."

कुणीतरी मातीचं ढेकूळ मारलं. ते कुडावर फुटलं. मुकद्दम म्हणाले, "आबे, थांबा," पण हळूच म्हणाले. गाडी जुंपून उभी होती. संध्याकाळ होईपर्यंत ती उभीच राहिली. मी जागची हलले नाही, आणि आत शिरून माझ्या नवऱ्याला उचलायची हिंमत कुणालाच झाली नाही. ताप आलेल्या माणसाला हात कोण लावणार?

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्यावरून आले. नागपूरकडचे, वयानं फार नव्हते, बोलणं हळू. सारे रांगेत उभे होते. ते एकेकाचे डोळे पाहत, मनगट धरत येत होते. मी रांगेत गेले नाही. ते आमच्यापर्यंत आले तेव्हा मी म्हटलं, "साहेब, आत माझा नवरा आहे. ताप आहे आणि जांघेत गाठ आहे."

रांगेतून एक आवाज निघाला, सुस्कारा सोडल्यासारखा. डॉक्टरांनी हातरुमाल नाकाला लावला नाही, हे मला आठवतं. ते वाकून आत गेले. बाहेर आले तेव्हा विचारलं, "पायाला कशानं लागलं?"

"पाळीवर बांबूचा खुंट लागला."

"पाळ कुठं आहे?"

मी गावाच्या हद्दीकडे बोट केलं. शिपाई मागंच उभा होता. तो पुढं झाला. "झूठ है साहब. मेरे रहते उधर चिड़िया नहीं गई. ये बाई बीमारी छुपा रही है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या वेळी शिपायाचा डाव कळला नाही, पुढं कळला. कुणी हद्दीत गेलं हे ठरलं तर त्याची नोकरी जाणार होती. कुणी गेलंच नाही असं ठरलं, तर खुंट नाही, जखमेचं कारण नाही, आणि गाठ ती रोगाचीच. मग हुकूम राहणार, आणि तोही राहणार.

"कुणी पाहिलं का याला जाताना?" डॉक्टरांनी साऱ्यांना विचारलं.

कुणी बोलेना. जो बोलेल तो हुकूम मोडल्याच्या गुन्ह्यात सामील होणार होता. मुकद्दम जमिनीकडे पाहत होते. त्यांचं नाव घ्यावं असं माझ्या जिभेवर आलं, पण त्यांच्यापुढे मी कधी पदराबाहेर तोंड काढून बोललेच नव्हते.

तेव्हा माझी सासू उठली. ती सरळ मुकद्दमांसमोर जाऊन उभी राहिली. "तुमीच धाडलं न माझ्या लेकाले? पाहून घेईन मनलं होतं न? आता पाह्याची वेळ आली, तं खाली कायले पाहून राहिले?"

मुकद्दमांचं तोंड उतरलं. मग त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "हाव साहेब. मीच धाडलं. पाळीले भोक आहे. शिपाई दुपारी झोपलेला असते."

डॉक्टरांनी शिपायाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पुन्हा आत गेले, पाय चिरला, पू काढला. बांबूचं कूस मिळालं नाही. बाहेर येऊन हात धुतले आणि मला म्हणाले, "बाई, जखमेमुळे आलेलं असू शकतं. रोगाची गाठही असू शकते. मला आज सांगता येत नाही."

"मंग हुकूम?" मुकद्दमांनी विचारलं.

"आज उठवला आणि उद्या ती रोगाची गाठ निघाली, तर? हे सारे घरोघर गेलेले असतील, बाजारात गेलेले असतील." त्यांनी नाल्याच्या वळणाकडे बोट केलं. "याला वेगळ्या झोपडीत ठेवा. मी पुन्हा येईन. ताप उतरला असेल आणि दुसरं कुणी पडलं नसेल, तर उठवीन. शब्द देतो."

मी नवऱ्याबरोबर त्या वळणावरच्या झोपडीत गेले. मुलगी सासूपाशी राहिली. पहिल्या दिवसापासून सासू भाकर आणि पाणी आणून लांब दगडावर ठेवायची. आम्ही खाऊ लागेपर्यंत ती तिथंच उभी राहायची. आंबराईतून बोलणं ऐकू यायचं, आणि ते माझ्यावरच असायचं. पश्चिमेला ढग येऊन जात होते. एकदा जोराचा वारा सुटला, दोन झोपड्यांची छपरं उडाली, तेव्हा कुणीतरी मोठ्यानं ओरडून माझ्या नावानं बोटं मोडली.

मी जवसाचं पोटीस करून त्याच्या तळव्याला बांधत होते, आणि दर वेळी माझ्या स्वतःच्या काखा चाचपत होते. तो तापात बडबडायचा. कधी भावाशी बोलायचा, कधी पाळीशी. एकदा शुद्धीत येऊन म्हणाला, "मी मेलो तं गाव म्हणेल, बाई बरोबर होती. वाचलो तं म्हणेल, फुकट अडवून ठेवलं."

"बोलू नको," मी म्हटलं.

एका सकाळी पोटीस सोडलं तर त्याच्याबरोबर पू आला आणि पुवात बांबूचं कूस, बोटाच्या पेराएवढं, काळं पडलेलं. मी ते दगडावर ठेवून सासूला लांबूनच दाखवलं. ती ते पाहत राहिली, मग आंबराईकडे धावत गेली. त्या दिवशी ताप उतरला. गाठ बसायला आणखी वेळ लागला, पण ती मऊ पडत गेली.

डॉक्टर दिलेल्या शब्दाप्रमाणे आले. पाय पाहिला, साऱ्यांना पुन्हा रांगेत पाहिलं. मग दवंडीवाल्याला पुढं बोलावलं. हुकूम उठला. गावात जा, बाजार भरवा, कुठंही जा, पास नको.

आणि कुणी हललं नाही. सारी माणसं हद्दीशी उभी होती, जणू अजून काही सांगायचं राहिलं आहे. पहिली गाडी नाल्यात उतरली तर शिपायानं सवयीनं हात आडवा केला. डॉक्टर म्हणाले, "बाजूला हो." तो बाजूला झाला. मग एकदम लोंढा सुटला.

त्या दुपारी घराकडे फारसं कुणी गेलंच नाही. फावडी, घमेली घेऊन गाव पाळीवर गेलं. माझ्या नवऱ्याला गाडीत बसवून नेलं, आणि तो बसल्या जागेवरून कुठं माती टाकायची ते सांगत होता. पुरुष, बाया, पोरं, सारे माती वाहत होते. मुकद्दमही वाहत होते. दुसऱ्या दिवसापासून कवेलू चढले. आमचं घर मी शेणानं सारवलं, तीनदा, तरी पहिल्या रात्री आम्ही ओसरीतच निजलो.

वाटलं, संपलं. पण धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाल्यावर तहसिलीतून बोलावणं आलं. हद्दीत शिरून हुकूम मोडल्याचा गुन्हा. माझ्या नवऱ्यानं तिथं विचारलं, "हुकूम तं उठला न साहेब? मंग गुन्हा कशाचा?"

"मोडलास तेव्हा होता," तहसीलदार म्हणाले.

मुकद्दमांना ताकीद मिळाली आणि माझ्या नवऱ्याला भंडाऱ्याच्या तुरुंगात काही आठवड्यांची कैद. डॉक्टरांनी त्याच्या बाजूनं लिहिलं होतं, असं नंतर समजलं. त्यामुळे कैद कमी झाली की नाही, ते कळायला मार्ग नाही. शिपाई दुसरीकडे गेला. त्याचं काही झालं असेल असं वाटत नाही.

रोवणीच्या वेळी घरात पुरुष नव्हता. मी आणि सासू धानाच्या बांधीत उतरलो. दिवस वर आला तेव्हा मुकद्दमांकडचे दोन नांगर आले. मागोमाग बाया आल्या, आम्ही बोलावलं नव्हतं तरी. शेजारची ती बाईही होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्याच शेजारची ओळ धरली आणि दिवसभर माझ्या हाताला हात लावून रोवत राहिली. बोलायला तिला पुढं वर्ष लागलं. काही जण तर कधीच बोलले नाहीत. त्यांची छपरं त्या वाऱ्यात गेली होती आणि त्यांना ते विसरता आलं नाही.

तो श्रावणात सुटला. भंडाऱ्याहून रेल्वेनं गोंदियाला उतरला, तर तिथं पहारा अजून चालूच होता. आमच्या गावचा हुकूम उठला होता, स्टेशनावरचा नव्हता. उतारूंना रांगेत उभं करून काखा, जांघा चाचपत होते. त्याच्या जांघेत जुन्या गाठीचा कठीण अंश हाताला लागला म्हणून त्याला दिवसभर बसवून ठेवलं. पायाचा व्रण दाखवून, हात जोडून कसाबसा सुटला आणि चालत गावी आला.

आम्ही जेवत होतो. तो दारात उभा राहिला तेव्हा मुलीनं त्याला ओळखलं नाही. ती सासूच्या मागं लपली. सासूनं ताट बाजूला सारलं, त्याला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळलास रे. पाय धू आनं बस."

तो बसला. भात वाढला, त्यानं दोन घास खाल्ले आणि हात थांबवून म्हणाला, "आज सारा दिवस मी तिथं बसलो होतो. माझ्या शेजारी एक बाई होती, लेकरू घेऊन, तिलेई गाठीपायीच बसवलं होतं. तिले घाबरू नोको म्हणालो."

"मंग?" मी विचारलं.

"तिले सोडलं नाई," तो म्हणाला, आणि मग जेवला नाही.